जुन्या लेथला स्वस्तात टूलं कुठून घ्यायची: उद्यमनगरच्या जुन्या टूलवाल्याचा रिव्ह्यू (देवगडवरून)

आधीच सांगतो, दुकानाचं नाव विचारू नका, दुकानाला पाटीच नाही. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात आत शिरलात की जुनी टूलं विकणारी दुकानं दिसायला लागतात, बाहेर गंजलेले चक (लेथवर दांडी पकडणारे पंजे), डब्यात ड्रिलं, कोपऱ्यात मोडकी व्हाइस. त्यातल्याच एकाबद्दल लिहितोय, पण आधी माझे पैसे कुठे कुठे बुडाले ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल.

लेथ (लोखंडाची दांडी गोल फिरवून कापायचं मशीन) घेतला त्याला दोन वर्षं झाली. राजकोटचा साडेचार फुटी, स्टेप पुली आणि बॅक गिअरवाला, एका बंद पडलेल्या वर्कशॉपातून ४२,००० ला उचलला. सोबत आलं काय तर एक थ्री जॉ चक (तीन जबड्यांचा, तिन्ही एकदम सरकतात) ज्याचे जॉ पार झिजलेले, एक डेड सेंटर (दांडीच्या दुसऱ्या टोकाला टेकवायचं, न फिरणारं टोक) आणि रंगाच्या डब्यात टूलांचे तुकडे, ज्यातले निम्मे कोणीतरी ग्राइंडरवर जाळून निळे केलेले. माझं काम म्हणजे होड्यांच्या पंख्याचे शाफ्ट, गनमेटलचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या), आंबेवाल्यांच्या फवारणी पंपाचे बारीकसारीक पार्ट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळ्या होड्या वर ओढलेल्या, त्या दोन महिन्यांत जो तो शाफ्ट नाहीतर बुश घेऊन दारात, "मेस्त्री, आजच होया." आणि आपल्याकडे शाफ्ट धड पकडायला चक नाही.

मग जे सगळे करतात तेच केलं, रात्री मोबाइलवर बसून ऑनलाइन मागवलं. एक इन्सर्टवाल्या टूल होल्डरचा सेट, सीएनएमजी इन्सर्टचे (इन्सर्ट म्हणजे बदलता येणारा कार्बाइडचा धारेचा तुकडा, सीएनएमजी हा त्याचा एक प्रकार), १६ एमएम शँक म्हणजे पकडायची दांडी, आणि एक रिव्हॉल्व्हिंग सेंटर, म्हणजे दांडीबरोबर फिरणारं, एमटी थ्री (मोर्स टेपर ३) मापाचं. फोटोत सगळं चकाचक. साइटचं नाव घेत नाही, सेलर कुठला ते मलाही धड कळलं नाही. सेंटर टेलस्टॉकला (लेथचं उजवीकडचं सरकणारं डोकं) लावून डायल गेज (शतांश मिलिमीटर दाखवणारं काट्याचं घड्याळ) ठेवलं आणि हाताने फिरवलं तर काटा आठ घरं पुढे आठ घरं मागे, म्हणजे ०.०८ एमएमचा रनआउट (फिरताना डुलणं), अरे ह्याच्यापेक्षा माझं जुनं डेड सेंटर ग्रीस लावून बरं चालतं! रिटर्न टाकला तर म्हणे वापरलेलं आहे. टेलस्टॉकला न लावता बघायचं तरी कसं?

टूल होल्डरमध्ये मात्र चूक माझी होती आणि ती सगळेच करतात म्हणून जरा नीट सांगतो. माझ्या लेथचा टॉप स्पीड ४२० आरपीएम आहे. २५ एमएमचा शाफ्ट लावला तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग येतो मिनिटाला साधारण ३३ मीटर. माइल्ड स्टीलला एचएसएस (हायस्पीड स्टील) टूल चालवायचं तर मिनिटाला ३० मीटरच्या आसपासच लागतं, म्हणजे मशीन एचएसएससाठीच बनलंय जणू. कार्बाइड इन्सर्टला १०० मीटर आणि वर पाहिजे, त्यासाठी तोच शाफ्ट साडेबाराशेच्या वर फिरवावा लागेल, तेवढा फिरवला तर माझा लेथ शेडमधून चालत बंदरावर जाईल. त्यात सीएनएमजी म्हणजे निगेटिव्ह इन्सर्ट (धारेचा कोन बोथट), त्याला जाडजूड कट आणि दणकट मशीन लागतं. आमच्या झिजलेल्या स्लाइडवर तो कापतच नाही, नुसता दाबतो, मशीन थरथरतं आणि शाफ्टवर बघावं तर मगरीच्या पाठीसारखं फिनिश. जवळजवळ चार हजार गेले त्यात. होल्डर अजून खिळ्याला टांगलेत.

कुडाळ एमआयडीसीत ओळखीचे एक म्हातारे टर्नर आहेत, त्यांना फोन केला तर आधी पोटभर हसले. मग म्हणाले, अरे बाबा तू मशीनला विचारलंस का त्याला काय झेपतं, आधी मशीनची मापं काढ, मग बाजारात जा, आणि टूलापेक्षा पकडायच्या वस्तूंवर पैसा घाल. टूल तू घासून बनवशील, चक काय घासून बनवणार आहेस?

तर मापं काढली. टेलस्टॉकचं टेपर तोंडाशी मोजलं, २३.८ च्या आसपास आलं म्हणजे एमटी थ्री नक्की (एमटी टू असतं तर पावणेअठरा भरलं असतं). टूल पोस्टच्या (टूल पकडायचा ठोकळा) खाचेच्या तळापासून सेंटरपर्यंतची उंची मोजली. आणि स्पिंडल नोजला (जिथे चक चढतो ते लेथचं तोंड) थ्रेड आहेत, त्याचं काय करायचं हा मोठा प्रश्न, कारण चक घ्यायचा तर बॅक प्लेट (चकच्या मागची आटे पाडलेली चकती) त्याच थ्रेडची पाहिजे आणि लेथ काय बसमधून नेता येत नाही. म्हाताऱ्यांनीच युक्ती सांगितली, घरच्या फेस प्लेटमध्ये (त्याच नोजवर चढणारी दुसरी चकती) बसेल असा ॲल्युमिनियमचा डमी काढ, म्हणजे नोजची नक्कल, आणि तो खिशात घेऊन जा. दोन संध्याकाळ गेल्या त्यात पण तो डमी अजून जपून ठेवलाय. सोबत एक जुनी पिस्टन पिन घे म्हणाले, ती कशाला ते पुढे सांगतो.

मे महिन्यात निघालो. देवगडवरून तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा, कोल्हापूर. एसटीने. घाटात नेहमीसारखं पोट ढवळलं, गगनबावड्याला चहा घेतला आणि उद्यमनगरात पोचेपर्यंत दुपार झालेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोल्हापूर म्हणजे नुसता तांबडा-पांढरा रस्सा नाही, फाउंड्र्या, ऑइल इंजिनं, मशीन शॉप ह्यांचं गाव आहे ते, आणि जिथे इतकी वर्कशॉपं तिथे बंद पडणारी पण असतात, कोणी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घेतं, कोणी धंदा सोडतं, त्यांचा जुना माल ह्या दुकानांत येतो. म्हणून इथे जे मिळतं ते आमच्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळूच शकत नाही, तिथे ब्रेझ केलेली दोन-चार कार्बाइड टूलं आणि पॉलिश पेपर, संपलं.

दुकानात पाय ठेवला तर मामा (नाव माहीत नाही, सगळेच मामा म्हणत होते) स्टुलावर बसून ड्रिल घासत होते. मी म्हटलं लेथची टूलं पाहिजेत. "पावणं, आधी माप सांगा, मग भाव सांगतो." मी चिठ्ठी काढली, डमी काढला, तेव्हा त्यांनी चष्मा वर केला, डमी हातात घेऊन थ्रेडवरून नख फिरवलं आणि पोराला हाक मारली, "ए, पावण्यांला चहा सांग की." इथून पुढे भाव बदलला असं मला वाटतं. म्हणजे मापं घेऊन गेलात तर तुम्हाला गिऱ्हाईक नाही, कारागीर समजतात.

चकांचा ढीग मागच्या खोलीत, मोठा बल्ब लावून दाखवला. मला फोर जॉ (चार जबडे, प्रत्येक वेगळा सरकणारा) पाहिजे होता, ८ इंची. पहिला जो काढला त्याच्या बॅक प्लेटमध्ये डमी तीन आटे गेला आणि अडकला. दुसरा तर लागलाच नाही. तिसरा, वरून सगळ्यात घाण, तेलमातीचा थर बसलेला, त्यात डमी असा गेला की जणू त्याच्यासाठीच काढलेला. मामा म्हणाले, "आता जोर लावून बघा, खेळतोय का." नाही खेळला. जॉचे स्क्रू चारही फिरवून बघितले, एक जरा जड होता, डिझेलमध्ये ठेवल्यावर सुटला. ३,४०० सांगितले, ३,००० ला ठरला. नवीन घ्यायला गेलो असतो तर दुपटीच्या वर गेला असता आणि वर बॅक प्लेट वेगळी.

थ्री जॉ पण बघितला आणि इथे ती पिस्टन पिन कामाला आली. पिस्टन पिन म्हणजे ग्राइंड केलेली, कडक, सरळ, गोल. जुन्या थ्री जॉचे जॉ तोंडाशी झिजतात, कर्ण्यासारखे उघडतात, मग दांडी फक्त आतल्या टोकाला पकडली जाते आणि बाहेरचं टोक डुलतं. पिन पकडली, बल्बसमोर धरलं, तोंडाकडे जॉ आणि पिनच्या मधून उजेड दिसला. ठेवून दिला. दुसऱ्याला उजेड नव्हता पण जॉवरचे नंबर बघितले तर दोन जॉ एका चकचे आणि एक कुठला तरी भलताच, सिरियल जुळत नाही. मी दाखवलं तर मामा हसले, "बरूबर हाय, म्हणून तर कोपऱ्यात ठेवलाय." पण मी विचारलं नसतं तर सांगितलं असतं का? मला नाही वाटत. हा मुद्दा लक्षात ठेवा, मामा खोटं बोलत नाहीत पण न विचारलेलं सांगतही नाहीत. थ्री जॉ शेवटी घेतलाच नाही, घरच्यालाच धकवतोय, नेमकं काम असलं की फोर जॉला डायल लावून सेट करतो, वेळ जातो पण शाफ्ट सरळ येतो.

आता एचएसएस. हे दुकानाचं खरं सोनं. लाकडी खोक्यात वापरलेले टूल बिट, मोडलेले एंड मिल, मोठ्या ड्रिलांचे शँक, सगळं किलोवर. ह्यात लबाडी काय होऊ शकते तर साधं लोखंड पण काळं पडलं की तसंच दिसतं. मामांनी स्वतःच ग्राइंडर चालू करून दिला, एकेक तुकडा टेकवायचा आणि ठिणगी बघायची. साध्या कार्बन स्टीलची ठिणगी पिवळी-पांढरी आणि टोकाला फुलबाजीसारखी फुटते, एचएसएसची कमी येते, काळपट लाल, आणि फुटत नाही. खोक्यातून साधारण दोन किलो निवडलं, त्यात १२ एमएमचे सहा बिट असे होते की एका बाजूला जेमतेम वापरलेले. मोठ्या ड्रिलचे शँक मात्र टेकवून बघाच, बऱ्याच ड्रिलांना शँक साध्या लोखंडाचा जोडलेला असतो, त्याचं टूल होणार नाही. ११०० रुपयांत हे सगळं. वर्षभर झालं, अजून निम्मं शिल्लक आहे.

बोरिंगसाठी (भोक आतून कापायला) इन्सर्टवालं काहीतरी घ्यावं असं डोक्यात होतंच, खुमखुमी जात नाही ना. तिथे एक वापरलेला १२ एमएमचा बोरिंग बार मिळाला, सीसीएमटी ०६ इन्सर्टचा, ४५० ला. सीसीएमटी हा पॉझिटिव्ह इन्सर्ट, धार मोकळी, त्यामुळे हलक्या मशीनवर चालतो, टोकाची गोलाई ०.४ चीच घ्यायची, ०.८ ची घेतली की परत थरथर चालू. बुशच्या आतून शेवटचा हात मारायला हा बार मस्त आहे, माझा सीएनएमजीवरचा राग ह्याने थोडा शांत झाला.

नाराजी कुठे ते पण सांगतो. मापायची साधनं तिथे चुकूनही घेऊ नका. एक नावाजलेल्या कंपनीचं मायक्रोमीटर ७०० ला घेतलं, तिथे शून्यावर शून्य दाखवत होतं, घरी येऊन स्लिप गेज (नेमक्या मापाचा स्टीलचा ठोकळा) लावला तर मधल्या मापाला दोन-अडीच शतांश मिलिमीटर खोटं बोलतं, थ्रेड एकाच जागी झिजलेला. टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं) पण नको, धार गेलेली असते आणि टॅप शाफ्टमध्ये मोडला की तुमचं तोंड आणि होडीवाल्याचं तोंड दोन्ही बघण्यासारखं. बिल मिळत नाही, कागदावर आकडे लिहून देतात तेच बिल, परत घेण्याचं तर नावच काढू नका. उजेड कमी, धूळ भरपूर, पांढरा शर्ट घालून जाऊ नका. आणि दुपारी जेवायला शटर अर्धं ओढतात तेव्हा बाहेर उन्हात उभं राहायची तयारी ठेवा.

येताना मजा झाली. चक वीस किलोच्या आसपास, टूलं वेगळी, सगळं पोत्यात भरून एसटीत सीटखाली ढकललं. गगनबावड्याच्या पुढे वळणावर पोतं सरकलं आणि पुढच्या काकूंच्या पायाला लागलं, काकू जी सुरू झाल्या ती वैभववाडीपर्यंत. कंडक्टरने विचारलं पोत्यात काय? म्हटलं चक. "चेक?" नाही हो, चक, लोखंडाचा. लगेजचं तिकीट फाडलंच त्याने, बरोबर होतं त्याचं.

मुंबईचं पण सांगतो कारण बरेच जण विचारतात नागदेवीला (तिथला टूलांचा बाजार) का नाही गेलास. गेलोय की. कणकवलीहून रात्री कोकणकन्या धरली की पहाटे सीएसएमटी, तिथून नागदेवी स्ट्रीट चालत जाण्याएवढी, पण दुकानं उघडेपर्यंत चहा पीत बसायचं. नवीन मालासाठी नागदेवीला तोड नाही, मिरांडाचे टूल बिट, ॲडिसनची ड्रिलं, नवीन रिव्हॉल्व्हिंग सेंटर, ड्रिल चक, एका गल्लीत सगळं, आणि बिल पण मिळतं. ते ०.०८ वालं सेंटर फेकून मी तिथूनच नवीन घेतलं, १,३०० ला, दुकानदाराने समोर डायल लावून दाखवलं, काटा हलला न हलल्यासारखा. कोबाल्टवाला टूल बिट, म्हणजे एम ३५ ज्यात ५ टक्के कोबाल्ट असतं, तो पण तिथूनच दोन आणले. आजकाल होड्यांना स्टेनलेसचे शाफ्ट खूप येतात, स्टेनलेसला टूल नुसतं घासत राहिलं की वरचा थर कडक होतो आणि मग साधं एचएसएस हात टेकतं, तिथे स्पीड निम्म्यावर आणायचा, कट सोडायचा नाही आणि कोबाल्टचा बिट लावायचा. पण वापरलेला चक, निवडून घेतलेलं किलोवरचं एचएसएस, ह्या गोष्टी नागदेवीला मला त्या भावात नाही दिसल्या. म्हणजे नवीन माल नागदेवी, वापरलेलं लोखंड उद्यमनगर.

आणि हो, किलोवरचं एचएसएस घेतलंत म्हणजे घासायला शिकावं लागणार, त्याला पर्याय नाही. बेंच ग्राइंडरला पांढरा व्हील लावा (कार्बाइड घासायचं तर हिरवा, पांढऱ्यावर कार्बाइड घासलंत तर व्हीलच जाईल). गनमेटलच्या बुशला टूलचं वरचं तोंड सपाट ठेवायचं, स्टीलसारखा उतार दिलात की टूल आत ओढलं जातं आणि बुश चकमधून उडून येतो, माझ्या शेडच्या पत्र्याला एक पोचा आहे तो ह्याच शिक्षणाचा. उंची सेट करायला जुनी पद्धत, दांडी आणि टूलच्या टोकामध्ये सहा इंची स्टीलपट्टी हलकेच चिमटीत धरायची, पट्टी उभी राहिली तर बरोबर सेंटरवर, पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, मग खाली हॅकसॉ ब्लेडचे तुकडे सरकवायचे. क्विक चेंज टूल पोस्टचे (ज्यात उंची स्क्रूने बसवता येते) आठ-नऊ हजार वाचतात. ब्लेडचे तुकडे मी आगपेटीत ठेवतो, जाडीप्रमाणे.

आमच्याकडच्या खाऱ्या हवेबद्दल एक सांगायचं राहिलं. कोल्हापूरहून आणलेला तो चक मी पहिल्या आठवड्यात साफ करून चकचकीत केला आणि कौतुकाने तसाच ठेवला, चौथ्या दिवशी पाऊस लागला आणि पाचव्या दिवशी त्याच्यावर नारिंगी साय. घाटावरचं लोखंड आहे, त्याला समुद्र माहीत नाही. आता काम संपलं की तेलाचं फडकं फिरवतोच, आणि बिट सगळे जुन्या इंजिन ऑइलच्या डब्यात बुडवून.

स्टार द्यायचे तर मामांच्या दुकानाला पाचपैकी चार, एक कापला मायक्रोमीटरसाठी. ऑनलाइनवाल्याला एक, तो पण खोक्याच्या पॅकिंगसाठी, खोका चांगला होता, त्यात आता स्क्रू ठेवतो.

अजून एक काम अडलंय. माझ्या लेथचा लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा) इंची आहे, मेट्रिक आटे नेमके पाडायचे तर १२७ दातांचा चेंज गिअर लागतो, माझ्या सेटमध्ये तो नाही. मामांना निघताना सांगून ठेवलं होतं. त्यांनी माझा नंबर भिंतीवर खडूने लिहिला, पुढे "१२७ देवगड" असं. परवा फोन केला तर म्हणाले, "पावणं, ध्यानात हाय, पण भिंतीला रंग दिला की हो, नंबर परत सांगा."